‘असंच’ म्हणू नका, ताई

पत्र :
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय 38. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. दोन वर्षांपासून रात्री मुलं झोपली की कादंबरी लिहिते. माझी आजी 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तिच्यावर. 120 पानं झाली आणि गाडी अडली. आजी आता नाही. कामावर हजेरी कोण घ्यायचं, पगार कधी व्हायचा, घरी काय शिजायचं, काहीच धड ठाऊक नाही. मोबाइलवर शोधलं तर तीच चार वाक्यं फिरून फिरून येतात. गावात जुनं वाचनालय आहे. दर शनिवारी जाऊन पुस्तक बदलून आणते. ग्रंथपाल सर तिथे तीस वर्षं आहेत. त्यांनी एकदा विचारलं, “मॅडम, काही शोधताय का?” मी म्हटलं, “काही नाही, असंच.” कादंबरी लिहिणारे आपण कोण लागून गेलो, असं वाटतं. शिवाय सरांना सांगितलं तर गावभर होईल ही भीती. शाळेतले सहकारी म्हणतात, हातात मोबाइल असताना वाचनालयात काय ठेवलंय? मी काय करू?
– एक लिहू पाहणारी

उत्तर :
ताई,

शाळा, घर आणि मुलं सांभाळून 120 पानं लिहून काढलीत, त्याबद्दल आधी मनापासून शाबासकी घ्या. मग माझी एक तक्रार ऐका. तीस वर्षं पुस्तकांत वावरलेला माणूस स्वतःहून तुमच्याजवळ आला, काय शोधताय म्हणून विचारलं, आणि तुम्ही त्याला ‘असंच’ म्हणून परत पाठवलंत. तुमची गाडी नेमकी तिथे अडली आहे. जो माणूस तुम्हाला हवं ते काढून देऊ शकतो, त्याला तुम्ही काय लिहिताय याचा पत्ताच नाही.

मी हे अधिकाराने सांगते आहे, कारण मीही हेच केलं होतं. माझं पहिलं पुस्तक पानशेतच्या पुरावर होतं. 12 जुलै 1961, बुधवार. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचं धरण फोडलं आणि नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. आमच्या घरात ही हकीकत मी लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळे आपल्याला सगळं ठाऊक आहे असा माझा समज. तरी सहा महिने मी एका वाचनालयात जात होते. कपाटासमोर उभं राहायचं, पुस्तकं चाळायची, कुणी विचारलंच तर ‘असंच’. एक दिवस पावसाने अडकले. वाचनालयात मी आणि तिथल्या ग्रंथपाल बाई, दोघीच. त्यांनी चहा मागवला आणि मी बोलून गेले की पुरावर लिहिते आहे.

त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला सांगू? “तुमच्या गोष्टीतल्या घरात पाणी नळाचं होतं की विहिरीचं?”

मला काही उमगेना. पुरात बुडालेल्या घरात पाण्याची चौकशी कशाला? बाई म्हणाल्या, “अहो, खडकवासलाच फुटलं म्हणजे शहराचं प्यायचं पाणीच गेलं. पूर ओसरल्यावर तुमची माणसं प्यायली काय?”

सहा महिन्यांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. माझ्या लिखाणात पूर यायचा, ओसरायचा, संपलं. बाईंच्या त्या एका प्रश्नाने पुरानंतरचे दिवस माझ्यासमोर उघडले. गाळ, कुबट वास, हंडे घेऊन लांबवर जाणाऱ्या बायका, कधीच्या वापरात नसलेल्या विहिरीवर पुन्हा बांधलेला दोर. पुस्तकाचा निम्मा भाग मी त्या दिवसांवर लिहिला, आणि वाचकांची पत्रं आली ती त्याच भागाबद्दल.

पुढच्या आठवड्यात बाईंनी एक उतारा वाचायला मागितला. त्यात मी लिहिलं होतं की पुराच्या दिवशी घरातल्या आईने दिव्यांच्या अवसेसाठी पितळी दिवे घासून ओळीने मांडले होते, आणि पाण्याने ते सगळे नेले. माझा फार लाडका उतारा होता तो. 12 जुलैला अमावास्या होती हे मला माहीत होतं, आणि जुलैतली अमावास्या म्हणजे दिव्यांची अवस, असं मी धरून चालले होते. बाई वाचता वाचता उठल्या. आतल्या कपाटातून शके 1883 चं पंचांग घेऊन आल्या. डांबरगोळ्यांचा वास, पाठीला खाकी कागद, कोपरे कुरतडलेले. त्यांनी पान उघडलं आणि बोट ठेवलं. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. त्यापुढचे सगळे सण लांबलेले. 12 जुलैची अमावास्या होती ती निज, म्हणजे खऱ्या, ज्येष्ठाची. दिव्यांची अवस म्हणजे आषाढाची अमावास्या, ती पडली ऑगस्टात.

“तुमच्या आईने त्या दिवशी दिवे घासले नव्हते,” बाई हळूच म्हणाल्या.

तो उतारा मी काढून टाकला. काढताना वाईट वाटलं, आजही आठवलं की वाटतं. पण पुस्तक छापून आल्यावर, ज्यांनी तो पूर डोळ्यांनी पाहिला त्यांच्यापैकी कुणी ती ओळ वाचली असती, तर पुढच्या एकाही पानावर त्यांचा विश्वास बसला नसता. ग्रंथपाल लेखकाला काय देतात असं कुणी विचारलं की मला ते पंचांगाचं पान आठवतं.

तेव्हापासून मला एक सवय लागली. कुठल्याही सालावर कुणी लिहीत असलं की मी आधी त्या सालचं पंचांग बघते. तुमचं पत्र आल्यावरही बघितलं. ताई, 1972 साली वैशाख अधिक होता. म्हणजे त्या वर्षी वैशाख दोनदा आला! आधीची दोन वर्षं पाऊस ओढ देत आलेला, विहिरींनी तळ गाठलेला, आणि त्यात उन्हाळ्याचा तो महिना दुप्पट लांब. पुढे पावसाळाही कोरडा गेला आणि मग खरी उपासमार. आता जरा विचार करा. अधिक महिना म्हणजे आपल्याकडे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, वाण द्यायचं. तुमच्या आजीच्या घरी त्या वर्षी जावई जेवायला आला होता का? डब्यात पुरणापुरती डाळ होती का? आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच बाई हातात हातोडा घेऊन रस्त्याच्या कडेला बसली. हे प्रकरण तुम्ही लिहायचं आहे. मी फक्त पंचांग उघडलं, आणि तेही एका ग्रंथपाल बाईंनी शिकवलं म्हणून.

आता तुमच्या सरांकडे काय मागायचं ते बघू. “दुष्काळावर काही आहे का?” असं विचारू नका. त्यावर ते बिचारे दोन-चार पुस्तकांची नावं सांगतील, त्यातली दोन तुम्ही वाचलेली असतील. सरळ असं सांगा : “माझी आजी 73 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिच्यावर मी कादंबरी लिहिते आहे. त्या कामावर बायकांची हजेरी कोण घ्यायचं, पगार किती दिवसांनी व्हायचा, सुकडीचा खाऊ कसा वाटायचे, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी कशा व्हायच्या, हे मला हवं आहे.” इतकं सांगितलं की ग्रंथपालाचं डोकं निराळ्या कपाटांकडे धावतं. पुस्तकांच्या पलीकडे वाचनालयात जे असतं, तिकडे.

उदाहरणार्थ, 1971 च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका. जाडजूड, इंग्रजीत, कुणी हात न लावलेली. कथा-कादंबरीच्या माणसाला ती बघायची बुद्धी होणार नाही. पण तिच्यात जिल्ह्यातल्या एकेका गावाची एकेक ओळ आहे. लोकसंख्या किती, शाळा आहे का, पोस्ट आहे का, प्यायचं पाणी कशाचं, जवळचं शहर किती लांब, आठवड्याचा बाजार कुठल्या वारी. दुष्काळाच्या तोंडावर केलेली ही मोजणी आहे. त्या ओळीत तुमच्या आजीचं गाव जसं होतं तसं उभं आहे. मी स्वतः एकदा अशी पुस्तिका घेऊन एका छोट्या गावाच्या ओळीवर पट्टी ठेवून बसले होते. ‘विहीर’ यासाठी एकच अक्षर होतं तिथे. त्या अक्षराकडे बघून मला त्या गावातल्या बायकांची पाण्याची फेरी दिसायला लागली. तालुक्याला ती पुस्तिका नसेल तर सोलापूरला चौकशी करा, पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात असली कागदपत्रं जपलेली आहेत, आणि जनगणना खात्याने बऱ्याच जुन्या पुस्तिका स्कॅन करून नेटवर ठेवल्या आहेत. तुमच्या सहकाऱ्यांना हेच सांगा. मोबाइलवर ती पुस्तिका मिळेल, पण अशी पुस्तिका असते हे सांगणारा माणूस वाचनालयात बसलेला आहे.

मग वर्तमानपत्रांच्या फायली. मे 1973 मध्ये महाराष्ट्रभर जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. एवढा मोठा प्रकार चालू असताना जिल्ह्याच्या पेपरात रोज काही ना काही छापून येणारच. कुठल्या कामावर पगार थकला, कुठे पाझर तलावाचं काम निघालं, कुठे पाण्याचा टँकर आलाच नाही. या बातम्या मोबाइलवर येत नाहीत, कारण त्या कुणी चढवलेल्याच नाहीत. त्या आहेत बांधलेल्या फायलींत, जिन्याखाली किंवा माळ्यावर. म्हणूनच घाई करा. एका वाचनालयात मी जुन्या फायली बघायला गेले होते. कळलं की जागा हवी म्हणून आदल्याच वर्षी त्या रद्दीत घातल्या. किलोवर. वीस वर्षांचे अंक होते. मी तिथल्या पायरीवर बसून राहिले होते बराच वेळ. तुमच्या गावच्या फायली अजून असतील तर त्या या महिन्यातच बघून घ्या, आणि कुणी तरी येऊन बघतं आहे ही गोष्टच त्या फायलींना वाचवते, हेही ध्यानात ठेवा.

साखर कारखान्याच्या, शाळांच्या, पतपेढ्यांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका, 1972 आणि 73 चे दिवाळी अंक, जिल्ह्याचं गॅझेटियर, हे सगळं सर काढून देतील. जुनं इंग्रजी अमदानीतलं सोलापूरचं गॅझेटियर 1884 चं आहे. त्यात आधीच्या दुष्काळांची हकीकत आहे. तुमच्या आजीच्या आजीचा दुष्काळ.

पण गावच्या ग्रंथपालाकडे सगळ्यात मोलाची गोष्ट कुठल्याच कपाटात नसते. त्याला माणसं ठाऊक असतात. रोज सकाळी मोफत वाचन कक्षात पेपर वाचायला येणारे ते काठीवाले आजोबा बांधकाम खात्यात मस्टर कारकून, म्हणजे हजेरी लिहिणारे, होते, हे त्याला माहीत असतं. कुठल्या मावशी धार्मिक पुस्तकं नेतात आणि त्यांचं लहानपण कुठल्या खडी केंद्रावर गेलं, हेही. माझ्या पानशेतच्या पुस्तकातली सगळ्यात चांगली चार पानं अशाच एका पेपर वाचायला येणाऱ्या गृहस्थांनी सांगितलेली आहेत. बाईंनी आमची गाठ घालून दिली. ते गृहस्थ त्या आठवड्यात पुराचा गाळ उपसायला गेले होते. इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्याकडेही 72 ला विशी-पंचविशीत असलेली माणसं आज पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. पहिली शोधाशोध यांची करा, कागद नंतर.

‘आपण कोण लागून गेलो’ याबद्दल. पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ते 1962 अशी बत्तीस वर्षं खंडाखंडाने येत राहिला, त्यामागे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह आहे. दुर्गाबाई भागवतांनी आयुष्याची किती वर्षं त्याच वाचनालयात काढली. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस दिवस बसून असायचे, आणि पुढे दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. ही नावं तुम्हाला छोटं वाटावं म्हणून घेतलेली नाहीत. एवढ्या विद्वान माणसांनाही कुणीतरी सांभाळून ठेवलेलं पुस्तक हातात यावंच लागलं, इतकंच सांगायचं आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे एस. आर. रंगनाथन 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला एक असा, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. त्यात वाचकाची पात्रता कुठे विचारलेली नाही. पदवी नाही, नाव नाही, आधी छापलेलं पुस्तक नाही. जिला आजीच्या भाकरीबद्दल विचारायचं आहे ती शिक्षिकाही त्यात येते.

गावभर होण्याची भीती मात्र खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. लहान गावात बाई लिहिते म्हटलं की चार तोंडं आठ गोष्टी बोलतात. सरांना स्पष्ट सांगा : “हे सध्या आपल्या दोघांत राहू द्या.” कोण काय वाचतं हे पोटात ठेवणं त्यांच्या कामातच येतं. तीस वर्षांत त्यांनी कुणाकुणाला कुठली पुस्तकं नेताना पाहिलं असेल, घटस्फोटाच्या कायद्याची, व्यसनमुक्तीची, आणि त्यातलं काही तुमच्या कानावर आलं का कधी?

समजा, पहिल्याच दिवशी सरांनी फार उत्साह दाखवला नाही, तर खट्टू होऊ नका. आपल्या राज्यात अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं सरकारी अनुदानावर चालतात, अ, ब, क, ड अशा वर्गांत वाटलेली, आणि लहान गावातल्या ग्रंथपालाच्या हातात पडणारं वेतन ऐकलं तर तुमच्या डोळ्यांत पाणी येईल. तोच माणूस कुलूप उघडतो, झाडून घेतो, वर्गणी गोळा करतो, तपासणीची कागदपत्रं भरतो. हे मला मनापासून बोचतं. ज्याच्या जिवावर एवढी पुस्तकं लिहिली जातात त्याला घर चालवायला दुसरं काम धरावं लागतं. म्हणून संध्याकाळी देवघेवीच्या गर्दीत त्यांना गाठू नका. दुपारची निवांत वेळ विचारून घ्या. प्रश्न एका कागदावर लिहून द्या, म्हणजे तुम्ही गेल्यावरही तो कागद त्यांच्या टेबलावर राहील. चांगल्या ग्रंथपालाला असा कागद स्वस्थ बसू देत नाही. एखाद्या शनिवारी तुम्ही जाल, तर तुमच्या नावाची चिठ्ठी खोचलेलं, तुम्ही न मागितलेलं पुस्तक बाजूला काढून ठेवलेलं असेल.

माझ्यासाठी असं एक पुस्तक ठेवलेलं होतं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझं पुस्तक खरंच होणार आहे. घरच्यांच्या आधी, प्रकाशकाच्या आधी, त्या बाईंनी ते गृहीत धरलं होतं.

तुमचं पुस्तक झालं की दोन प्रती वाचनालयाला द्या, आणि ऋणनिर्देशात सरांचं नाव विसरू नका. मराठी कादंबरीची आवृत्ती हजार-पाचशेची, तिला पहिला आधार वाचनालयांच्या खरेदीचाच असतो. डेन्मार्कमध्ये तर 1946 पासून वाचनालयांतल्या पुस्तकांबद्दल लेखकाला सरकार पैसे देतं. आपल्याकडे हे कधी होईल तेव्हा होवो. आजोबा-मावशींकडून जे टिपून घ्याल त्या वह्याही शेवटी वाचनालयातच ठेवा. पुढे कुणाला तरी त्या लागतील, आणि ती व्यक्तीही बहुधा कपाटासमोर उभी राहून ‘असंच’ म्हणेल.

या शनिवारी जाताना 120 पानांतली पहिली दहा पानं पिशवीत घाला. सरांना वाचायला द्यायची की नाही ते तिथे गेल्यावर ठरवा, पण बरोबर असू द्या. आणि जनगणनेच्या पुस्तिकेत आजीच्या गावाची ओळ सापडली की बाजार कुठल्या वारी भरायचा ते मला कळवा.